घोळणा फुटला म्हणून सोडून देऊ नका

चैत्र-वैशाखात ताडकळस, पूर्णा, परभणी या पट्ट्यात ऊन असे तापते की पोरांचा घोळणा फुटणे ही घरोघरची गोष्ट होऊन बसते. कोणी डोक्यावर पाणी ओततो, कोणी कांदा फोडून हुंगायला देतो. थोड्या वेळाने रक्त थांबते आणि पोरगे पुन्हा खेळायला पळते. बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण क्वचित या साध्या दिसणाऱ्या रक्तामागे नाकाच्या पार आत एक गाठ दडलेली असते. ती वेळेवर ओळखली नाही तर पोराच्या डोळ्याला, प्रसंगी जिवालाही धोका होतो. म्हणून आज आमच्या वाचक माता-भगिनींशी आणि बंधूंशी या गाठीविषयीच बोलायचे आम्ही ठरविले आहे.

डॉक्टर या गाठीला अँजिओफायब्रोमा म्हणतात. डोके व मानेच्या हजार गाठींत हिचे प्रमाण पाचांहून जास्त नाही, इतकी ती दुर्मिळ. ती होते वयात येणाऱ्या मुलांना, साधारण दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान. मुलींना जवळपास होतच नाही. एक गोष्ट आधी नीट ध्यानात घ्यावी की ही गाठ कॅन्सर नव्हे. पण ती वाढत वाढत गालात, डोळ्यामागे आणि कवटीच्या तळापर्यंत शिरते.

मग साधा घोळणा आणि ही गाठ यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा? पाहायची खूण एकच, ती म्हणजे सारे एकाच बाजूला होते काय. एकच नाकपुडी महिनोन् महिने बंद राहते. त्याच बाजूने ठेच न लागता, बोट न घालता वारंवार रक्त येते. पुढे त्याच बाजूच्या कानाने कमी ऐकू येते, गाल सुजतो, डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. पोरगा तोंड उघडे ठेवून झोपतो, नाकात बोलतो. रक्त जाऊन जाऊन तो पांढरा पडतो आणि घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या."

खरा धोका यापुढे आहे. "नाकात मांस वाढलंय, दोन मिनिटांत काढून देतो," असे म्हणणारा कोणीतरी भेटतो. या गाठीत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. साधी रक्तवाहिनी कापली की आकसते, पण या गाठीतल्या वाहिन्यांना आकसण्यापुरते स्नायूच नसतात. म्हणून छोटासा तुकडा काढला तरी रक्ताची धार लागते. जाणते डॉक्टर तपासणीसाठीसुद्धा तुकडा काढत नाहीत. ते दुर्बिणीने पाहतात, सीटी स्कॅन व एमआरआय करतात आणि त्यावरूनच निदान करतात.

उपचार आहे आणि तो चांगला आहे. शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी बारीक नळीतून गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी आतून बंद करतात. मग गाठ काढताना रक्त पुष्कळ कमी जाते. पूर्वी यासाठी चेहरा किंवा टाळू कापावी लागे. आता अनेक गाठी नाकातूनच दुर्बिणीने काढता येतात, चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. मात्र गाठ पुन्हा उद्भवू शकते, म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नयेत.

जायचे कुठे? आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचे आहे. मोठी गाठ असली तर तेथून मुंबईला परळच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयात पाठवतात. पूर्ण्याहून, परभणीहून तपोवन एक्सप्रेस थेट दादरला उतरवते.

पैशाच्या धास्तीने घरी बसू नका. २०१२ साली राज्यात सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आता तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आणि नात्यातल्या दोघा-चौघांनी रक्त द्यायची तयारी ठेवा.

तोवर घोळणा फुटलाच तर पोराला आडवे करू नका, मान मागे टाकू नका, रक्त घशात उतरते. बसवून थोडे पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत घट्ट धरा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तेवढ्याने थांबले नाही तर तडक दवाखाना गाठा.

ऊसतोडीला जाताना पोरे आजी-आजोबांजवळ ठेवणाऱ्या आई-बापांनी ही गोष्ट त्या म्हाताऱ्यांनाही समजावून सांगावी. एका मजुरीच्या दिवसाचा खाडा भरून निघतो, पोराचा गेलेला डोळा भरून निघत नाही.