फुफ्फुसातली गाठ : नाव ठरते काचेवर

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

छातीच्या एक्स-रेमध्ये पांढरा डाग दिसला की घरात दोनच शंका बोलून दाखवल्या जातात, क्षय किंवा कॅन्सर. दोन्ही शंका रास्त आहेत. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत आणि फुफ्फुसाचा कर्करोगही आता अनोळखी राहिलेला नाही. पण या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या काही गाठी असतात. एक्स-रेमध्ये काय किंवा सीटी स्कॅनमध्ये काय, आपल्याला दिसते ती गाठीची सावली. गाठ केवढी आहे, कुठे आहे, तिच्या कडा कशा आहेत, एवढे त्यावरून कळते. ती कशाची बनली आहे, हे बहुतेक वेळा कळत नाही. ते सांगणारा डॉक्टर रुग्णाला सहसा भेटतही नाही. तो म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ, आपल्या रोजच्या भाषेत पॅथॉलॉजिस्ट.

श्वासनलिकांना आणि वायुकोशांना आतून एक अस्तर असते. फुफ्फुसाचा नेहमीचा कर्करोग या अस्तरातून निघतो. पण अस्तराखाली त्याला आधार देणारे तंतू, स्नायू, चरबी आणि रक्तवाहिन्या असतात. या आधार देणाऱ्या भागांना मृदू ऊती म्हणतात. त्यांच्यापासूनही गाठी होतात. त्यांतल्या काही निरुपद्रवी असतात. ज्या घातक असतात त्यांना सार्कोमा म्हणतात. फुफ्फुसातच सुरू झालेला सार्कोमा फार विरळा. फुफ्फुसाच्या सर्व घातक गाठींत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. विरळा असल्यामुळेच तो ओळखताना चकवा बसण्याचा संभव अधिक.

गाठीचा तुकडा काढला की तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या ठोकळ्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकमधून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट, इतके पातळ काप काढून काचेवर घेतात. दोन रंग दिले की पेशींची केंद्रे निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो. काचेच्या या पट्टीवरून निदानाला सुरुवात होते.

अडचण अशी, की यातल्या अनेक गाठींच्या पेशी सारख्याच दिसतात. चातीसारख्या, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट आधी दोन प्रश्न विचारतो. पहिला, हा अस्तराचाच कर्करोग वेष पालटून तर आलेला नाही ना? दुसरा, ही गाठ मुळात इथली आहे की दुसरीकडून आली आहे? शरीरातले रक्त फुफ्फुसांतून गाळल्यासारखे जाते. त्यामुळे मांडीतल्या किंवा गर्भाशयातल्या सार्कोमाच्या पेशी पुष्कळदा इथेच येऊन अडकतात. फुफ्फुसात सुरू झालेल्या सार्कोमापेक्षा असे पाहुणे कितीतरी अधिक. म्हणून ‘पूर्वी कुठली गाठ काढली होती का?’ हा प्रश्न डॉक्टर उगाच विचारत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीचे ऑपरेशनसुद्धा सांगावे.

यानंतर विशेष चाचण्या येतात. ठराविक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे कापावर सोडतात. ते प्रथिन तिथे असेल तर तपकिरी रंग उमटतो. एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही. चार-पाच चाचण्यांचा मेळ घालावा लागतो. तरीही शंका उरली तर जनुके तपासतात.

एकसारख्या दिसणाऱ्या तीन गाठी पाहू, म्हणजे या खटाटोपाचे मोल लक्षात येईल.

पहिली, एकाकी तंतुमय गाठ. ही बहुधा फुफ्फुसाच्या आवरणातून निघते आणि काही वेळा त्रास न देता नारळाएवढी वाढते. क्वचित ती इन्शुलिनसारखा पदार्थ तयार करते. मग मधुमेह नसलेल्या माणसाच्याही रक्तातली साखर एकाएकी उतरते. डोग आणि पॉटर या दोघांनी १९३० मध्ये स्वतंत्रपणे हे वर्णन केले होते. या गाठीत दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, हे २०१३ मध्ये उघड झाले. त्यावर बेतलेल्या स्टॅट-६ या चाचणीत पेशींची केंद्रे तपकिरी होतात आणि ओळख पक्की होते. बहुतेक रुग्णांना नीट केलेली शस्त्रक्रिया पुरते. मात्र काहींत ती अनेक वर्षांनी परत येते, म्हणून तपासणी सोडू नये.

दुसरी, दाहयुक्त तंतुपेशी गाठ. ही मुलांत आणि तरुणांत जास्त आढळते. तिच्यात दाहाच्या पेशींची इतकी गर्दी असते की पूर्वी तिला खरी गाठ न मानता निव्वळ सूज समजत. जवळपास निम्म्या रुग्णांत तिच्यात ‘अल्क’ जनुकाची मोडतोड सापडते. शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या अशा अल्क-गाठींसाठी क्रिझोटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही चाचणी झालीच नाही, तर औषध असून रुग्ण त्याला मुकतो.

तिसरी, सायनोव्हियल सार्कोमा. नाव सांध्याच्या अस्तरावरून पडले, पण ती त्यातून निघत नाही. तरुण वयात होणारी ही गाठ आक्रमक असते. तिच्यात एक्स आणि अठरावे या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. इथे शस्त्रक्रियेबरोबर केमोथेरपी आणि किरणोपचार यांचाही विचार करावा लागतो.

म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तिघी बहिणी-बहिणी वाटल्या, तरी एकीला शस्त्रक्रिया पुरते, दुसरीला गोळी लागू पडू शकते आणि तिसरीशी सर्व शस्त्रांनिशी लढावे लागते. नाव चुकले तर उपचारही चुकतो.

रुग्णाच्या नातेवाइकांनी काय करावे? सुईने काढलेला नमुना इवलासा असतो. तो अपुरा आहे, पुन्हा बायॉप्सी हवी, असे सांगितले तर डॉक्टरांवर रागावू नये. रिपोर्टला आठ-पंधरा दिवस जास्त लागले तर त्या चाचण्यांना तेवढा वेळ लागतो, हे समजून घ्यावे. जुने रिपोर्ट सांभाळावेत. दुर्मीळ गाठीचे निदान आले तर अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या मोठ्या कर्करोग रुग्णालयाचे दुसरे मत घ्यावे. तिथे नुसता कागद नेऊन भागत नाही. काचा आणि मेणाचा ब्लॉक मागून न्यावा. नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि उद्या निघणारी नवी चाचणीसुद्धा त्यावर करता येते.

घरातल्या दागिन्यांची पावती आपण जपून ठेवतो. मेणाचा तो बोटभर ठोकळाही तितक्याच काळजीने जपावा.