नव्या वैद्यांनी नव्या औषधनिर्मितीकडे वळावे काय?

बी.ए.एम.एस.ची पदवी आणि नोंदणी क्रमांक हाती पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यातील प्रत्येक नव्या वैद्यापुढे उभा राहतो. दवाखाना काढावा तर स्टेशनलगतचा गाळा परवडत नाही. पदव्युत्तर प्रवेशाची स्पर्धा मोठी. म्हणून अनेक जण खासगी रुग्णालयात रात्रपाळीचे वैद्यकीय अधिकारी होतात. बदलापूरहून मुंबईपर्यंत लोकलने जायचे आणि साडेपाच वर्षे शिकलेल्या शास्त्रातील एकही कल्प न लिहिता परत यायचे, असा त्यांचा दिनक्रम ठरून जातो. त्यांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही; घर चालवावेच लागते. परंतु याखेरीज आणखी एक वाट आहे व तिचा विचार फारसा होत नाही. ती म्हणजे नव्याने निघालेल्या लहान आयुर्वेदीय औषध संस्थेतील, आजच्या भाषेत स्टार्टअपमधील, नोकरी.

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. वस्तू मात्र जुनीच आहे. पनवेलला १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर सुरू केले, ते त्या काळचे एक नवे, लहान आणि बेभरवशाचे साहसच होते. सांडू बंधूंचा कारखाना १८९९चा. आपल्याला डोंबिवलीमुळे जवळचे वाटणारे ‘विको’ १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकरांनी उभे केले. आरंभी दंतमंजन दारोदार फिरून विकले जाई. त्यांचे पुत्र गजानन पेंढरकर औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन १९५७ मध्ये या पाच वर्षांच्या उद्योगात आले आणि १९७५ मध्ये हळदीचे मलम बाजारात आले. हे मलम औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. अशा वादात ग्रंथाधार माहीत असलेला माणूस संस्थेत असणे किती मोलाचे असते, हे आमच्या वाचक औषधनिर्मात्यांना सांगावयास नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १५७ प्रमाणे आयुर्वेदीय औषधांचे उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते आणि अशी किमान एक व्यक्ती पूर्णवेळ कर्मचारी असावी लागते. आयुर्वेदाची पदवी ही त्यासाठी मान्य अर्हता आहे. परिशिष्ट ‘टी’ गुणनियंत्रण विभागात वनस्पतितज्ज्ञ व रसायनतज्ज्ञ यांच्याबरोबर आयुर्वेदाचा पदवीधर असावा असे सांगते. म्हणजे कायद्याने ही खुर्ची आपल्याच विद्यार्थ्यासाठी राखली आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी खुर्ची रिकामी आणि भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले, अशी स्थिती असते. ज्याचे प्रमाणपत्र तो वैद्य कारखान्यात पाऊलही टाकत नाही, महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेतो आणि न पाहिलेल्या बॅचवर जबाबदारी मात्र त्याच्या नावाची राहते. नव्या पदवीधरांनी याला स्पष्ट नकार द्यावा. नाव द्यायचे तर हजेरीही द्यावी.

अशी हजेरी लहान संस्थेत फार शिकवून जाते. मोठ्या कंपनीत नवा माणूस बहुधा एकाच टेबलावर बसतो. लहान संस्थेत तो सकाळी आलेले पोते उघडतो, दुपारी क्वाथाच्या भांड्यापाशी उभा राहतो आणि संध्याकाळी ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर लिहितो. रसशास्त्र व भैषज्यकल्पना हा विषय त्याने परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. स्नेहपाकात कल्काची वर्ती वळली पाहिजे, अग्नीवर टाकल्यास तडतड होता कामा नये, तैलात फेस यावा आणि घृतात फेस शमावा, ही लक्षणे तो एका दमात सांगतो. पण महाविद्यालयातील पाव लिटर तेल आणि कारखान्यातील दोनशे लिटर तेल यांचा स्वभाव एक नव्हे. मोठे भांडे आच बंद केल्यावरही बराच वेळ उष्णता धरून राहते. मध्यम पाकाची लक्षणे पूर्ण दिसेपर्यंत थांबलो तर हाती येतो तो खरपाक. आच नेमकी केव्हा काढावी हे ग्रंथात लिहिलेले नसते, ते उभे राहूनच कळते. आसवारिष्टांचेही तसेच. बदलापूरची थंडी मुंबईहून कडक, त्या दिवसांत संधान मंदावते. अशा वेळी नियोजित तारखेला बाटल्या भरून मोकळे व्हायचे की जळती काडी विझते की नाही हे पाहून थांबायचे, हा निर्णय ज्याचा, तोच खरा तांत्रिक अधिकारी.

द्रव्यपरीक्षेची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. अशोकाच्या सालीत आसोपालवाची साल मिसळणे हा आपल्या बाजाराचा जुनाच रोग आहे. २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद पुढे केला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु पोत्यातील कांड गुडूचीचेच आहे, असे दारात उभा राहून सांगणारा माणूस आपल्या किती कारखान्यांत आहे? नव्या संस्थेत तो पहिल्या दिवसापासून असला तर पुढे नेमावा लागत नाही.

तोटेही सांगितले पाहिजेत. वेतन कमी असते आणि कधी उशिरा येते. भांडवल संपले की संस्था बंद पडते आणि अनुभवाच्या दाखल्यावर सही करणाराही उरत नाही. कंपनीतील हिश्शाचे तोंडी वचन मिळाले तर ते कागदावर मागून घ्यावे. २०१६ मध्ये मुंबईत अर्जुन वैद्य यांनी आजोबांच्या परंपरेतील औषधे घेऊन ‘डॉ. वैद्याज’ काढली, पुढे ती आरपी-संजीव गोयंका समूहाकडे गेली. असे यश सर्वांच्या वाट्याला येत नाही. शिवाय अशा अनेक संस्थांना स्वतःचा कारखानाच नसतो. त्या दुसऱ्याकडून माल बनवून घेतात व आपले लेबल लावतात. तेथे पदवीधराला औषधापेक्षा जाहिरातच अधिक लिहावी लागते. मधुमेह, कर्करोग अशा व्याधींवर हमखास गुणाचा दावा करणारा मजकूर त्याच्यापुढे आला तर औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ आठवावा आणि लेखणी खाली ठेवावी. मुलाखतीलाच विचारावे: उत्पादन परवाना कोणाच्या नावे आहे, बॅचची नोंदवही पाहावयास मिळेल काय, आणि मी नको म्हटले तर माल थांबेल काय? तिसऱ्या प्रश्नावर मालक हसले, तर नमस्कार करून निघावे.

औषधनिर्मात्या बंधुभगिनींनाही एक विनंती. ज्या उल्हासनगरात फाळणीनंतर छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी हाती असेल त्यातून उद्योग उभे केले, ज्या अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषध व रसायनांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालले, तेथे जागा आणि कुशल कामगार यांची वाण नाही. आपल्या रसशाळेचे दार मात्र आंतरवासीय विद्यार्थ्यांसाठी क्वचितच उघडते. सूत्र चोरीला जाईल ही भीती समजण्याजोगी आहे; पण च्यवनप्राशाचे सूत्र ग्रंथात छापलेले आहे. थंडीत ताजा आवळा बाजारात येतो तेव्हा दोन-तीन विद्यार्थ्यांना एका बॅचसाठी बोलवावे, आवळे तोलण्यापासून बरणीवर लेबल लागेपर्यंत. त्या दिवसांचे जेवण व प्रवासखर्च द्यावा, आणि बॅचची नोंद त्यांच्याच हातून लिहून घ्यावी.