अंगणातली होडी

शीवला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, कोळीवाड्यातल्या एका अंगणात, यंदा मार्च ते मेअखेर मी एका होडीखाली पाठीवर पडून काढले, असे सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. शीवला कुठे आला समुद्र, असे आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला ऐकवलेही. त्यांचे चुकले नाही. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचे आणि खाडी ओलांडली की साष्टी सुरू व्हायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गव्हर्नर डंकनच्या कारकिर्दीत, तिच्यावर बांध पडला आणि त्यानंतर आपण भर घालतच राहिलो. पाणी हटले, कोळीवाडा हे नाव उरले. फाळणीनंतर इथे वस्तीला आलेल्या पंजाबी मंडळींनी ते तळलेल्या कोळंबीला दिले, आणि हार्बर लाइनवरच्या स्टेशनाने मात्र ते टाकून गुरू तेगबहादूर नगर हे नाव घेतले. असो.

होडीचे मालक माझ्याच बँकेत दफ्तरी होते. अकरा वर्षे आम्ही एका शाखेत काढली. ते मला अजून ‘साहेब’ म्हणतात, मी त्यांना अहो-जाहो करतो. निवृत्तीनंतरही दोघांना हे बदलता आलेले नाही. होडी त्यांच्या वडिलांची. बावीस फुटी, फायबरची, १९९३ साली माहीमहून जुनीच विकत आणलेली.

फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवलेले कवच. अमेरिकेत अशा होड्या १९४० च्या दशकात होऊ लागल्या. आपल्याकडे १९८० च्या सुमाराला मद्रासला ठाणे असलेल्या ‘बे ऑफ बेंगॉल प्रोग्रॅम’ने किनाऱ्यावरून थेट लाटेत लोटता येतील अशा फायबरच्या होड्यांचे प्रयोग केले, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. हिला किडा लागत नाही, दरवर्षी तेल पाजावे लागत नाही. ‘कायमची होडी’ म्हणून ती कोळ्यांच्या गळी उतरली. कायमची हे एका अर्थाने फारच खरे निघाले. लाकडी होडी मोडली की चुलीत जाते. फायबरची कुठेच जात नाही. भंगारवाला तिला फुकटही उचलत नाही.

म्हणून ती अंगणात पालथी पडून होती. तिच्यावर वाळवणे झाली, खाली कोंबड्या नांदल्या. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, अंगणात कमरेएवढे पाणी आले. त्या रात्री तिला सरळ करून आत दोन मुले आणि गॅसचा सिलिंडर ठेवला होता. “तेवढीच एक फेरी झाली तिची एवढ्या वर्षांत,” असे वहिनी सांगतात, आणि हसतात. त्या दोन मुलांतला धाकटा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. नोकरी सुटल्यावर तो माहीमच्या एका नातेवाइकाबरोबर मासेमारीला जाऊ लागला, आणि घरात होडी असताना दुसऱ्याच्या होडीत का बसायचे, असा प्रश्न त्याने बापाला विचारला.

होडीची तपासणी डॉक्टरने छाती ठोकून पाहावी तशी करायची असते. हातोडीच्या दांड्याने वीतभर अंतरावर ठोकत जायचे. धड फायबर टणटण बोलते. आतून थर सुटले असतील तिथे बद्द आवाज येतो. तसा आवाज आला की खडूची खूण. कर्जाच्या तपासणीला जाऊन मी होड्यांवर खडूने नंबर टाकीत असे, त्यामुळे खडू माझ्याकडे आला. दोन्ही कुशी बऱ्या निघाल्या. मागचा फळा, ज्यावर इंजिन बसते, तो मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बद्द. आतले फायबर कापून काढले तर मधल्या प्लायवूडचा शेणासारखा लगदा झालेला. तो आम्ही उलथन्याने खरवडून काढला. आणि तेव्हा मला ती चार भोके दिसली.

“ही कशाची?”

“इंजिनाच्या बोल्टांची, साहेब. बाबांनी पाडून ठेवली होती.”

१९९६ साली त्यांच्या वडिलांनी आमच्याच शाखेत इंजिनासाठी कर्ज मागितले होते. तपासणीला मी गेलो होतो. माहीमच्या खाडीला मिठी नदीचे काळे पाणी मिळत होते, चिंबोऱ्या, बोय, निवट्या कमी होत चालल्याचे म्हातारेबुवांनी स्वतःच सांगितले. मी अहवालात लिहिले : ‘खाडीतील मासळी घटत असल्याने परतफेडीची खात्री देता येत नाही.’ अर्ज नामंजूर झाला. अहवालातले एकही वाक्य खोटे नव्हते. पण इंजिन हवे होते ते खाडीतून बाहेर, खोल पाण्यात जाण्यासाठीच. वल्ह्यांवर तिथवर जाऊन परतता येत नाही. हा साधा मुद्दा माझ्या टिपणात नव्हता. कर्ज मिळणारच अशा भरवशावर म्हाताऱ्यांनी भोके आधीच पाडली होती. त्यांतून पाणी शिरत राहिले आणि फळा आतून कुजला.

दफ्तरी काही बोलले नाहीत. त्यांनी मला चहा दिला. तो अहवाल माझ्या टेबलावरून व्यवस्थापकांकडे त्यांनीच नेला होता.

पुढचे काम कष्टाचे, पण सांगण्यासारखे थोडे. नवे मरीन प्लायवूड दोन पदरी चिकटवून बसवले. तड्यांच्या कडा रुंद, उतरत्या घासून घेतल्या, म्हणजे नवा थर जुन्याला धरतो. घासताना उडणारी काचेची भुकटी अंगाला इतकी खाजते, की पहिल्या दिवशी घरी मला बाहेरच्या बाहेर गार पाण्याने आंघोळ करायला लावली. तोंडावर मास्क हवाच. राळेत कडक करणारे द्रव्य शेकडा एक ते दोन टक्केच घालायचे. मे महिन्यात मी ते अंदाजपंचे घातले, तर डब्यातली राळ दहा मिनिटांत गोठून धुमसू लागली. थरातली हवा रोलरने दाबून काढायची, आणि हे सगळे पावसाच्या आत, कारण ओल्या अंगावर राळ धरत नाही. तसेही १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे घाई फक्त आभाळाची होती.

नवा फळा तयार झाला तेव्हा मुलाने ड्रिल आणले. बापाने त्याचा हात धरला. “इंजिन दारात आल्याशिवाय भोकं नाही पाडायची.”

ऑगस्टमध्ये टेंपोतून होडी माहीमला नेली. पाण्यात लोटल्यावर दफ्तरी तळाशी हात फिरवत पुढून मागे गेले. एका जुन्या खिळ्याजवळ थोडी ओल होती, बाकी कोरडे. त्या दिवशी ती वल्ह्यांवर खाडीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली.

इंजिनासाठी मुलाने एका पतपेढीत अर्ज केला आहे. पतपेढीला दोन जामीनदार लागतात. कुणालाही जामीन राहू नका, हे मी अडतीस वर्षे लोकांना आणि त्याहून अधिक वर्षे घरच्यांना सांगत आलो. मागच्या मंगळवारी मी पहिल्या जामीनदाराच्या रकान्यात सही केली. घरी अजून सांगितलेले नाही. आज सकाळच्या चहाबरोबर ही पुरवणी उघडली जाईल, तेव्हा कळेलच.