अंधेरीचा काळा खडक

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, घरांच्या दाटीतून एक काळा खडक सरळ उभा राहिलेला दिसतो. त्याचे नाव गिल्बर्ट हिल. उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारतीएवढी. जवळ जाऊन पाहिले, तर दगडी खांब एकमेकांना चिकटवून उभे केल्यासारखे वाटतात.

हे खांब कोणी घडवले? ज्वालामुखीने. उर्दूत आपण त्याला आतिशफिशाँ म्हणतो. ज्वालामुखी म्हटले की धूर ओकणारा टोकदार डोंगर आठवतो. पण महाराष्ट्रात बहुतेक लाव्हारस जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. अशा घटना आजही घडतात. दूर उत्तरेला आइसलँडमध्ये बर्फाच्या जाड थराखाली बार्डारबुंगा नावाचा जागृत ज्वालामुखी आहे. २०१४ साली त्याचा तप्त रस जमिनीखालून सरकत बर्फाच्या बाहेर गेला आणि तेथील भेगेतून सुमारे सहा महिने वाहत राहिला. आपल्याकडे अशा रसाचे थरावर थर साचले. सह्याद्रीचे कडे त्याच थरांचे आहेत.

गिल्बर्ट हिलचा खडक सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हारस थंड होताना आकसतो. तळ्यातला चिखल वाळला की त्याला कशा भेगा पडतात, ते तुम्ही पाहिले असेल. येथेही तसेच झाले. खडक जसजसा आतून निवत गेला, तसतशा भेगा खोल गेल्या आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. आपल्या घरातला पाटा-वरवंटाही बहुधा याच जातीचा असतो.

कठीण दगडाला गिऱ्हाईक फार! आजूबाजूला खाणी निघाल्या, दगड फोडला गेला आणि हा एवढा भाग उरला. अमेरिकेत वायोमिंग राज्यात असाच खांबांचा 'डेव्हिल्स टॉवर' आहे. त्याला १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक ठरवून संरक्षण मिळाले. गिल्बर्ट हिलला मुंबई महानगरपालिकेने वारसास्थळाचा दर्जा दिला, तो २००७ मध्ये. तोवर वस्ती पायथ्याला भिडली होती.

माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. पायऱ्यांनी वर जाता येते. ज्या भेगांनी खांबांना आकार दिला, त्यांतूनच पावसाचे पाणी आत शिरते, झाडांची मुळे घुसतात आणि दगड सैल होतात. खाली घरे आहेत.