पहिली भेट जानेवारीत

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सानपाड्यातील उद्यानांचे बाक भरू लागतात. त्यांवर बसणाऱ्यांत बाजारातून निवृत्त झालेले व्यापारी पुष्कळ. महामार्गापलीकडे, तुर्भ्याच्या बाजूस, ज्या गाळ्यात उभे आयुष्य गेले तेथे आता धाकटा भाऊ किंवा पुतण्या बसतो. काहींनी गाळा भाड्याने दिला आहे. एके काळी या मंडळींच्या बोलण्यात जिरे, हळद, तूरडाळ यांचे भाव असत. आता ग्रीन कार्ड आणि सुपर व्हिसा हे शब्द त्याच सहजतेने येतात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टोरांटोत, आणि दोन्हीकडून एकच आग्रह : आता तिथे एकटे राहू नका, इकडे या. सूर्य कलला की बाक रिकामे होतात. चौविहाराची वेळ झालेली असते. त्यासाठी कुणाला घड्याळ पाहावे लागत नाही.

ज्येष्ठांना ओळखीचे अंगण सोडवत नाही, असे तरुण पिढी सहज म्हणून जाते. सानपाडा-वाशीतील या पिढीवर तो आरोप टिकणारा नाही. तिने एकदा अंगण सोडलेले आहे. दाणा बाजार आणि मसाला बाजार मांडवी-मस्जिद बंदराच्या गल्ल्यांतून खाडीपलीकडे आले ते १९९० च्या दशकाच्या आरंभी. वाशीपर्यंतची लोकल सुरू झाली ती मे १९९२ मध्ये. दलदलीच्या काठावरच्या त्या नव्या वसाहतीत गिऱ्हाईक येईल का, हुंडी-उधारीचे व्यवहार पूर्वीसारखे चालतील का, या शंकेने अनेक पेढ्यांची झोप उडाली होती. व्यापाऱ्यांचा विरोधही कमी नव्हता. तरी ते स्थलांतर निभावले.

निभावले, कारण त्या वेळी माणूस एकटा आला नाही. बाजारच आला. शेजारचा गाळेवाला, दलाल, हमाल, वजनकाटेवाला, चहा आणणारा पोऱ्या, सारे मागोमाग आले. मग देरासर झाले, पाठशाळा झाली, साधु-साध्वींचे चातुर्मास होऊ लागले. सत्तराव्या वर्षी परदेशी जाताना यातले काहीच सोबत येत नाही. ज्या एका माणसाच्या ओढीने जायचे, तो सकाळी साडेसातला कामावर निघून जातो. धैर्य तेच असले तरी हिशेब निराळा आहे, आणि तो व्यापाऱ्याने तरी कागदावर मांडून पाहायला हवा.

बहुतेक घरांत हा निर्णय उन्हाळी भेटीवर बेतलेला असतो. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत साधारणपणे सहा महिने राहू देतात. आईवडील एप्रिल-मे मध्ये जातात आणि दिवाळीपूर्वी परततात. जूनमध्ये न्यू जर्सीत सूर्य साडेआठला मावळतो. सून कामावरून आल्यावर सर्वांची जेवणे एकत्र होतात, अंगणात नातवंडे खेळतात, शनिवार-रविवारी फिरणे होते. हे सगळे खरेच असते. मात्र तेच घर डिसेंबरात वेगळे असते. सूर्य साडेचारला मावळतो, रस्त्यावर बर्फ असते आणि मुलगा-सून घरी परततात तेव्हा अंधार पडून दीड-दोन तास झालेले असतात. इंग्लंडमधील लेस्टर आणखी उत्तरेला असल्याने तेथे उन्हाळ्यातला सूर्यास्त रात्री साडेनऊपर्यंत लांबतो, तर हिवाळ्यात चार वाजण्यापूर्वीच होतो. मुंबईत वर्षभरात सूर्यास्त जेमतेम सव्वा-दीड तास मागेपुढे होतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्याला येथे कुटुंबाच्या जेवणापासून वेगळे व्हावे लागत नाही. तेथे पाच-सहा महिने दोघांनी दुपारी साडेतीनलाच स्वयंपाक करून एकटे जेवावे लागते. व्रत मोडत नाही, पंगत मात्र मोडते. या एका गोष्टीचा विचार विमानाच्या तिकिटाआधी होताना क्वचितच दिसतो.

स्वयंपाकघराचेही तसेच. सानपाड्यातील घरात कंदमूळ आणायचे नाही, हे कुणाला सांगावे लागले नाही. ते घर सासूचे होते. परदेशातील घर सुनेचे आहे. तिने आपल्या मुलांना शाळेच्या डब्यात काय द्यावे, फ्रीजमध्ये काय ठेवावे, हे ठरवायचा अधिकार तिचा. निराळी भांडी, निराळा कप्पा, शक्य तर निराळी शेगडी, हे बोलणे जाण्यापूर्वी झाले तर सोयीचे ठरते. तेथे पोचल्यावर झाले तर त्याचा वाद होतो.

धर्माराधनेची सोय नाही, अशी तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. चित्रभानुजींनी अठ्ठावीस वर्षांच्या साधुजीवनानंतर १९७० मध्ये समुद्र ओलांडला तेव्हा मुंबईत मोठे वादळ उठले. पुढची दशके त्यांनी न्यूयॉर्क आणि मुंबई यांत वाटून घेतली आणि २०१९ मध्ये मुंबईतच देह ठेवला. आचार्य सुशीलकुमार १९७५ मध्ये अमेरिकेस गेले. न्यू जर्सीतील सिद्धाचलम १९८३ मध्ये उभे राहिले. उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा महासंघ, ‘जैना’, १९८१ पासून आहे. लेस्टरला एका जुन्या चर्चच्या वास्तूत झालेल्या देरासरची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. शिकागोजवळ बार्टलेटला, न्यू जर्सीत फ्रँकलिनला मोठी देरासरे आहेत. उणीव आहे ती दोन गोष्टींची. पायी विहार करणारे महाराज साहेब तेथे पोचत नाहीत. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये सुरू केलेल्या श्रेणीतील समणींना वाहनप्रवासाची मुभा असल्याने काही ठिकाणी त्यांचा लाभ मिळतो. दुसरी गोष्ट अंतराची. सानपाड्यात सकाळी पूजेची वस्त्रे नेसून चालत जाता येते. तेथे देरासर मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर असू शकते, आणि मोटार चालवणारा शनिवारी मोकळा होतो.

म्हणूनच साठीत जाणे आणि अठ्ठ्याहत्तरीत जाणे यांत फार मोठे अंतर आहे. साठीतला माणूस तेथला वाहन परवाना काढू शकतो, मंदिराच्या पाठशाळेत शिकवू शकतो, आपल्या वयाचे चार मित्र स्वतः जोडू शकतो. आपल्याकडे मात्र हा निर्णय लांबणीवर टाकण्याची रीत आहे. दोघांपैकी एकजण जाईपर्यंत कुणी हलत नाही. नंतर उरलेल्याला, बहुधा आईला, तेराव्यानंतरच्या आठवड्यात बॅग भरून नेले जाते. घर, शेजार आणि जोडीदार तिघेही एकाच महिन्यात सुटतात. मुलांचा हेतू प्रेमाचा असतो, पण निर्णयाची याहून वाईट वेळ सापडणार नाही.

कायद्याच्या बाजूही कठोर आहेत. मुलगा अमेरिकेचा नागरिक असून २१ वर्षांचा झालेला असेल तर आईवडिलांच्या अर्जाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्याच्याकडे केवळ ग्रीन कार्ड असेल तर त्याला त्यांच्यासाठी अर्जच करता येत नाही. अर्जासोबत त्याला आईवडिलांच्या चरितार्थाचे हमीपत्र द्यावे लागते. ज्याच्या शब्दावर बाजारात लाखोंचा माल उचलला जाई, त्याच्यासाठी आता मुलगा जामीन राहतो. हा कागद पाहून मन खट्टू झालेले वडील थोडे नसतील. कॅनडाच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षे राहता येते, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. ऑस्ट्रेलियात लवकर मिळणाऱ्या पालक व्हिसासाठी माणशी चाळीस हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागतात. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके आवळले की धडधाकट आईवडिलांना तेथे कायमचे नेणे जवळजवळ अशक्य झाले.

ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे उपचार मिळाले, असाही समज आहे. अमेरिकेतील वृद्धांची सरकारी आरोग्यविमा योजना, मेडिकेअर, नव्याने आलेल्या स्थलांतरिताला सलग पाच वर्षे वास्तव्य केल्याशिवाय हप्ता भरूनही घेता येत नाही. मधल्या काळात खासगी विमा घ्यावा लागतो. शिवाय ग्रीन कार्ड म्हणजे तेथे राहण्याची कबुली. हिवाळा सानपाड्यात आणि उन्हाळा तिकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षे केली तर विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारतो.

पैशाच्या बाबतीत व्यापारी कुटुंबांनी तरी गाफील राहू नये. ग्रीन कार्डधारकाला जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. तुर्भ्याच्या गाळ्याचे भाडे आणि सानपाड्याच्या बँकेतील ठेवींचे व्याजही त्यात येते. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरांपुढे गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. इकडे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवी रक्कम टाकता येत नाही. गाळा विकून आलेले पैसे कर भरून बाहेर नेता येतात, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत. म्हणजे घाईने सारे विकण्याचे कारण नाही. सगळी रक्कम मुलाच्या खात्यात वळती करणे तर सर्वस्वी टाळावे. स्वतःच्या औषधासाठी आणि नातवाच्या वाढदिवसासाठी ज्याला मुलापुढे हात पसरावा लागतो, तो कुठल्याही देशात पाहुणाच राहतो.

यातून कुणी कायमचे जातील, कुणी जाणार नाहीत. अमेरिकेत स्थिरावलेल्या भारतीयांनी फ्लोरिडातील टावारेस येथे ‘शांतिनिकेतन’ नावाची निवृत्तांची वसाहत वसवली आहे, शाकाहारी भोजनासह. मुलांच्या घरात न राहता मुलांच्या देशात राहण्याचा तो मार्ग. पण तो तेथे आयुष्य काढलेल्यांना परवडणारा, सानपाड्याहून थेट जाणाऱ्यांना सहसा नाही.

ज्यांचे अजून ठरत नाही, त्यांनी पहिली भेट मे महिन्यात न ठेवता जानेवारीत ठेवावी. तीन महिने पुरेत. त्यांपैकी निदान एक महिना मुलाने सुट्टी न घेता नेहमीसारखे कामावर जावे, आणि दोघांनी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हे दहा तास स्वतःचे स्वतः घालवून पाहावेत : सामायिक, दुपारी साडेतीनचा स्वयंपाक, बर्फ नसेल त्या दिवशी कोपऱ्यापर्यंत चालणे, भारतात रात्र होण्यापूर्वी बहिणीला फोन. तोवर सानपाड्याचे घर विकू नये, भाड्यानेही देऊ नये. सोसायटीची वर्गणी भरलेली असावी, गॅसचे कनेक्शन चालू असावे, आणि एक किल्ली शेजारच्यांकडे असावी.