कार्ल्याचे चैत्यगृह

लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील बौद्ध चैत्यगृह सुमारे 45 मीटर लांब असून इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात कातळात कोरले गेले. छताच्या कमानदार लाकडी फासळ्या मूळच्याच आहेत. दगडी छताला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. लाकडी इमारतींची सवय सुटली नव्हती, एवढेच. खांबांच्या माथ्यावर बसलेल्या हत्तींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत, स्तूपामागचे खांब मात्र अगदी साधे. काही खांबांवरचे ब्राह्मी लेख जरूर शोधावेत: धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांनी (परदेशी, बहुधा ग्रीक लोकांनी) ते खांब दान दिल्याची नोंद त्यांत आहे. दर्शनी भिंतीवरची भरदार दांपत्ये जुनी, बुद्धमूर्ती कित्येक शतकांनंतरच्या. दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने चैत्री यात्रेत कोळी भाविकांची रीघ लागते. शिल्पे निवांत पाहायची तर ते दिवस टाळावेत.