लाईन गेली की

सकाळी 7.10
चंद्रपूर बसस्थानक. मॅडम मूलची एसटी धरतात. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. महिनाअखेरी तो फरक हाताशी येतो. मॅडम तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतात. तास झाला तर पैसे. सुट्टीचे नाहीत, संशोधनाचे तर नाहीतच.

8.40
प्रयोगशाळेत शिरल्या की आधी पंखा बंद. तराजू मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवतो, वाऱ्यानंही आकडा हलतो. 25 मिलीची घनतेची बाटली. डिस्टिल्ड पाण्यानं धुतली, मग थोड्या ॲसिटोननं. ॲसिटोन महाग, म्हणून थेंब मोजून. बोटाचा ठसासुद्धा वजनात येतो, म्हणून बाटली टिश्यूत धरायची. रिकामी, पाण्यानं भरलेली, ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या द्रावणानं भरलेली. प्रत्येक वजन तीनदा.

10.30
दोन तास शिकवणं. पैसे याचे.

दुपारी 12.50
वॉटर बाथ 30 अंशांवर. डिसेंबर आहे म्हणून जमतं. बाथ पाणी तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात इथली खोलीच चाळिशी गाठते, तेव्हा हे काम बंद.

द्रवातला ध्वनीचा वेग मोजायचा तो इंटरफेरोमीटरवर. त्याच्या तळाला क्वार्ट्झचा स्फटिक. सेकंदाला 20 लाख कंपनं, कानाला काहीच नाही. मॅडम वरचा स्क्रू हळूहळू फिरवतात. काटा चढतो, उतरतो. चढ मोजायचे. शुद्ध पाण्यात असे वीस टप्पे 7.55 मिलिमीटरच्या आसपास भरतात. म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1509 मीटर. ग्लायसिनच्या रेणूला एका टोकाला धन भार, दुसऱ्याला ऋण. तो भोवतीचं पाणी ओढून धरतो. पाणी आखडतं, कमी दबतं, ध्वनी जोरात पळतो. रेणूंची ओढ अशी स्क्रूवर वाचायची. पुण्यात रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे यांनी रेणूंभोवतीचं विद्युत विभव गणितानं, संगणकावर उलगडलं. 1993 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. मूलमध्ये हाताशी बाटली आणि स्क्रू आहे.

2.15
लाईन गेली. वीस मिनिटांनी आली, तोवर बाथ अर्धा अंश उतरलेला. तेवढ्यानं वेगात सेकंदाला मीटरभराचा फरक पडतो. ग्लायसिननं केलेला फरक कुठला नि थंडीनं केलेला कुठला, मग कळत नाही.
"मॅडम, हे फेकून देऊ का?" प्रयोगशाळेतला मदतनीस विचारतो.
"फेका भाऊ. उद्या नवीन करू."
पाच वाचनं वहीत खोडली. आकडे दिसतील अशी, एकाच रेघेनं.

4.30
दहा रुपयांचा चहा. मॅडम मोबाइलवर आपल्या निबंधांची सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, दाखवतात. एच-इंडेक्स एक आकडी. 2005 साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं हे माप काढलं: पाच असेल तर पाच निबंधांचा प्रत्येकी निदान पाचदा उल्लेख. मी एकेक उल्लेख उघडून पाहिला. बहुतेक ठिकाणी नाव प्रस्तावनेत, इतरांच्या गर्दीत. एका ठिकाणी मात्र कोष्टकात. कुणी परक्यानं त्यांची घनता स्वतःच्या घनतेशेजारी ठेवून ताडली होती. चौथ्या दशांशापर्यंत जुळली होती. माझ्या लेखी ही एक ओळ बाकीच्या सगळ्या उल्लेखांहून वजनदार आहे. मॅडमनी ते पान जपून ठेवलंय.

5.35
बाटली पुन्हा धुतली. टिश्यूवर उपडी ठेवली. सहाची एसटी आहे.